कोंबडीचं माप

कोंबडी फुगते आहे, हे मापसाहेबांच्या पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा त्यांनी आधी चष्मा पुसला. दोष चष्म्याचा असेल तर कोंबडीवर आळ कशाला घ्या, असा त्यांचा न्यायी स्वभाव. चष्मा पुसून झाला, डोळे चोळून झाले, शेवटी रुमालाने संगणकाचा पडदाही पुसून झाला. कोंबडी फुगतच होती. पहिल्या फोटोच्या कोपऱ्यात ती अंगठ्याच्या नखाएवढी होती आणि शहाण्यासारखी दाणे टिपत होती. फोटो पुढे सरकले तसं तिने अंग धरलं. शेवटच्या फोटोत तर आख्खा बालविभाग, दोन डॉक्टर आणि खुद्द सत्कारमूर्ती यांना पोटाखाली घेऊन, अंडी उबवायला बसावं तशी तिने बैठक मारली.

"हिला खायला कोण घालतंय?" मापसाहेब स्वतःशीच म्हणाले.

मापसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची हयात गेली. दुकानदारांचे काटे तपासायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर दुकानदाराकडे अशा नजरेने बघायचं की त्याने स्वतःच आपलं वजन कमी करून घ्यावं. निवृत्त झाल्यावर काटे खात्यात राहिले, नजर मात्र घरी आली. खिशात कायम एक पोलादी पट्टी. पाव कापला तरी काप सारखे आहेत का, हे ती पट्टी सांगणार.

आता अशा माणसाच्या घरात एक कोंबडी बिनदिक्कत आपलं माप बदलते, म्हणजे काय हो?

तर गोष्ट अशी, की त्यांची पत्नी रुग्णालयातल्या बालविभागात मुख्य परिचारिका होती आणि शनिवारी निवृत्त होत होती. विभागातल्या मुलींनी समारंभ ठरवला आणि मापसाहेबांना फोन केला, "साहेब, सिस्टरांचे जुने फोटो द्या, आम्ही छोटी फिल्म करून घेतो." त्यावर मापसाहेब म्हणाले, "फोटो कशाला? फिल्मच देतो. मी करतो." फोन ठेवल्यावर ते स्वतःच्या धिटाईकडे थोडा वेळ कौतुकाने बघत बसले.

या धिटाईला कारण होतं. लग्न झाल्यापासून त्यांनी घरातलं कुठलंही काम हातात घेतलं की बायको मागून यायची आणि म्हणायची, "अहो राहू द्या, मी बघते." नळ गळतोय? राहू द्या, मी बघते. बॅगेची चेन अडकली? राहू द्या, मी बघते. ती बघायची आणि ते व्हायचं, हे त्यातलं खरं दुःख. विभागात एखादं मूल रडून निळं झालं, एखादं यंत्र बंद पडलं, तरी सगळे तिच्याकडेच बघत. मापसाहेबांची एवढीच इच्छा होती, की एक गोष्ट, निदान एक तरी, त्यांनी सुरू करावी, त्यांनीच पुरी करावी आणि ते वाक्य कानावर येऊ नये. म्हणून हे सगळं गुपचूप, ती सकाळच्या पाळीला गेल्यावर चाललं होतं.

आणि कोंबडी? कोंबडी तिची होती. प्लॅस्टर घातलेल्या प्रत्येक मुलाच्या हातावर नाहीतर पायावर ती जाड पेनाने एक कोंबडी काढायची. गोल पोट, तिरका तुरा, एक डोळा. कोंबडी काढली की रडणं थांबायचं. परगावी नोकरीला असलेल्या लेकीने तीच कोंबडी संगणकावर काढून तिला हलती केली होती. कोंबडी दाणा टिपायची, मान वर करायची, डोळा मिचकावायची आणि पुन्हा दाणा टिपायची. "बाबा, ही आईच्या फिल्ममध्ये सगळ्या फोटोंवर फिरू द्या," असं म्हणून तिने ती फोनवर पाठवली.

पहिल्या दिवशी कोंबडी मेलेली निघाली. म्हणजे फोनवर टुणटुणीत होती, संगणकावर आणली की गार. मापसाहेबांनी तिला टिचकी मारली, बंद करून उघडली, उलटी केली. शेवटी लेकीला फोन. लेक एवढी हसली की मापसाहेबांना फोन कानापासून लांब धरावा लागला. "बाबा, तुम्ही फोनच्या पडद्याचा फोटो काढून तो चढवलात! हलणारी कोंबडी मी मेलने पाठवते." दुसऱ्या दिवशी मेलची कोंबडी चढवली. ती हलली, पण एकच दाणा टिपून गायब झाली. मापसाहेबांनी पडद्याखालची तिची रंगीत पट्टी रबरासारखी ताणली, तर ती मान वर करायलाच इतका वेळ लावू लागली की तिला संधिवात झाला असावा. पुन्हा फोन. पुन्हा हसू. 'पुन्हा पुन्हा चालवा' अशा अर्थाचा एक चौकोन होता, त्यात बरोबरची खूण केली आणि कोंबडी मार्गाला लागली. त्यानंतर मात्र मापसाहेबांनी ठरवलं, की आता काहीही होवो, लेकीला विचारायचं नाही. बापाची म्हणून काही प्रतिष्ठा असते. ती दोनदा हसण्याने झिजते, तिसऱ्यांदा उरत नाही.

म्हणजे कोंबडी फुगायला लागली तेव्हा विचारायला घरातलं कुणीच उरलं नव्हतं. अशा वेळी शेजारी उपयोगी पडतात, असा एक समज आहे.

जिन्यात वरच्या मजल्यावरचे बँकवाले भेटले. निवृत्त माणूस, आणि कुठल्याही विषयावर मत द्यायला मोकळा. मापसाहेबांच्या डोक्यात त्या क्षणी दुसरं काही नव्हतंच.

"आमची कोंबडी एकसारखी फुगतेय हो," ते म्हणाले.

बँकवाले पायरीवरच थांबले. "कधीपासून?"

"परवापासून. सुरुवातीला नखाएवढी असते, बघता बघता घरभर होते."

"खाते कशी?"

"अखंड! पण दाणे संपत नाहीत."

"हवा धरली असेल," बँकवाले गंभीरपणे म्हणाले. "कोमट पाणी पाजा. आणि एका जागी बसवून ठेवू नका, फिरवा."

मापसाहेबांनी मान डोलावली. फिरवायचं कसं, तर पडद्यावर तेही बटण होतंच. त्यांनी कोंबडी फिरवून पाहिली. ती उताणी पडून फुगू लागली, एवढाच फरक पडला.

फरक दुसरीकडे मात्र मोठा पडला. बँकवाल्यांनी ही बातमी पोटात ठेवली नाही. दुपार व्हायच्या आत सोसायटीचे सेक्रेटरी दारात हजर. गृहस्थ वृत्तीने सज्जन, पण नियमावली काखेत असली की त्यांचा माणूसपणा थोडा मागे सरायचा.

"इमारतीत कोंबड्या पाळायला मनाई आहे. पाहणी करावी लागेल," ते म्हणाले.

मापसाहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांकडे पाहण्या केल्या होत्या. स्वतःच्या घरात पाहणी होताना पाहणं त्यांना जड गेलं, पण काम चोख चाललंय की नाही, हे बघायचा मोहही आवरेना. सेक्रेटरींनी न्हाणीघर पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं, धुण्याच्या टोपलीचं झाकण उचललं.

"माळा राहिला," मापसाहेबांनीच आठवण करून दिली.

माळा झाल्यावर त्यांनी सेक्रेटरींना संगणकापुढे नेलं. कोंबडी नुकतीच दोन डॉक्टरांवर बसत होती.

"ही?"

"हीच."

सेक्रेटरी बराच वेळ बघत राहिले. दोन वेळा त्यांनी ती पहिल्यापासून दाखवायला लावली. मग भानावर येऊन म्हणाले, "ठीक आहे. पण नोटीस निघालेली आहे. ती रद्द करायला कारण लागतं. तुम्ही लिहून द्या, की कोंबडी घराबाहेर काढली."

"अहो, ती घरातच आहे. आणि शनिवारपर्यंत राहणार."

"मग लिहून द्या की घरात कोंबडी नव्हती."

"होती की! तुम्ही स्वतः पाहिलीत."

खोट्या मजकुराखाली सही करणं मापसाहेबांच्या रक्तात नव्हतं, आणि कारणाशिवाय नोटीस मागे घेणं सेक्रेटरींच्या. दोन तत्त्वनिष्ठ माणसं समोरासमोर आली की इमारतीचं काही खरं नसतं. शेवटी, आमच्या सिस्टरांना काही कळू देऊ नका, एवढी विनवणी मापसाहेबांनी केली आणि ती मान्य झाली. नोटीस मात्र नियमाप्रमाणे फलकावर लागलीच. त्या दिवशी बायको कामावरून आली, पर्स ठेवली आणि आधी बाल्कनीत डोकावून आली. मग पलंगाखालीही. मापसाहेब वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होते.

आता फिल्म जुळवायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राशिवाय गत्यंतर नव्हतं. तिथे तक्रारीचे तीनच प्रकार होते: चित्र दिसत नाही, चित्र हलत नाही, आवाज येत नाही. मापसाहेबांची पंचाईत झाली. चित्र दिसत होतं, नको इतकं दिसत होतं. त्यांनी प्रामाणिकपणे सगळी हकिगत लिहिली, पण प्रकार निवडल्याशिवाय ती पुढे जाईना. नाइलाजाने त्यांनी 'आवाज येत नाही' निवडलं, कारण कोंबडीला आवाज खरोखरच नव्हता. उत्तर लगेच आलं: आपल्या संगणकाचे स्पीकर तपासा. थोड्या वेळाने दुसरं: आपले समाधान झाल्यामुळे तक्रार बंद करत आहोत.

मापसाहेब खुर्चीत मागे टेकले. अपमान भरपूर झाला होता, पण गंमत अशी की रागापेक्षा त्यांना कुतूहलच जास्त वाटत होतं. कोंबडी फुगते ती का फुगते? आणि सगळीकडे सारखी का फुगत नाही? मध्येच एका ठिकाणी ती किंचित बारीकही व्हायची, जणू तिला कुणी बोललं असावं. नोकरीत असताना एखादा काटा विनाकारण झुकला की ते जेवण विसरून त्याच्याभोवती फिरत. तसंच आता झालं.

त्यांनी आपलं कामच पुन्हा तपासायला घेतलं. खात्यात काटा तपासायची रीत ठरलेली असते: वजन आधी मध्यावर ठेवायचं, मग एकेका कोपऱ्यात, आणि प्रत्येक ठिकाणी तेच माप आलं पाहिजे. मापसाहेबांनी कोंबडीचंही तेच केलं होतं. सुरुवातीला ती होती तशी लहान असतानाच तिच्या मापाच्या आकड्याशेजारची खूण दाबून कामाला प्रारंभ केला होता. ती खूण त्यांना पाहताक्षणीच आवडली होती. पत्त्यातल्या चौकटीसारखी, इवलीशी, दाबली की रंगीत होणारी. हुबेहूब खात्याच्या शिक्क्यासारखी! तपासलं, मारला शिक्का. मग त्यांनी फिल्मचा मध्य गाठला, पडद्याला पोलादी पट्टी लावून कोंबडी पट्टीवर पहिल्याएवढी भरेपर्यंत मोठी केली. आपोआप दुसरा शिक्का उमटला. मापसाहेब सुखावले. मग शेवट. मग अधलेमधले कोपरे. जिथे माप चुकलेलं वाटलं तिथे दुरुस्ती, आणि दुरुस्ती केली की शिक्का. एवढी कर्तव्यदक्ष यंत्रणा त्यांनी सरकारातही पाहिली नव्हती. बायकोची चाहूल लागली की ते घाईने पडद्यावरची फिल्मची खिडकी लहान करत, आणि दुसऱ्या दिवशी ती वेगळ्याच आकारात उघडत. म्हणजे पट्टी तीच, पण पडद्यावरचं मापच रोज वेगळं. हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आता मात्र त्यांनी पट्टी बाजूला ठेवली आणि नुसतं पाहिलं. पडद्याखालच्या उभ्या रेघेला बोटाने हळूहळू पुढे ढकलत नेलं. शिक्क्यापासून शिक्क्यापर्यंत कोंबडी एका चालीने वाढत होती. शिक्का आला की तिची चाल बदलायची. बरोबर शिक्क्यावरच. ते मागे गेले, पुन्हा पुढे आले. मग श्वास रोखून त्यांनी मधला एक शिक्का पुसला. त्या ठिकाणचं कोंबडीचं बारीक होणं नाहीसं झालं.

"अस्सं!" मापसाहेब इतक्या मोठ्यांदा ओरडले की वरून बँकवाल्यांनी "सुटली का हवा?" म्हणून विचारलं.

सगळा उलगडा झाला. संगणकाला तो शिक्का 'तपासलं' असा कळतच नव्हता. त्याला कळत होतं, 'इथे पोचाल तेव्हा कोंबडी एवढी झाली पाहिजे.' आणि तो बिचारा एका शिक्क्यापासून दुसऱ्यापर्यंत तिला इमानाने वाढवत नेत होता. खात्यात शिक्का मारला की विषय संपतो, इथे शिक्का मारला की सुरू होतो. जितकं तपासलं तितकं बिघडलं! मापसाहेबांना स्वतःचं हसू आलं, आणि हसता हसता आनंदही झाला. पुष्कळ वर्षांनी त्यांना एखादी नवी गोष्ट कुणाच्या मदतीशिवाय समजली होती.

त्यांनी सगळे शिक्के पुसले. कोंबडीला एक माप दिलं. सुरुवातीला तेवढी, मध्ये तेवढी, शेवटीही तेवढीच. पट्टी लावा, काही करा. मग छाती पुढे काढून ती फिल्म लेकीला पाठवली, आणि शिक्क्यांचा शोध कसा लावला ते फोनवर सविस्तर सांगितलं. या वेळी लेक हसली नाही.

"छान झालीय हो बाबा," ती म्हणाली. "फक्त... कोंबडी वाढत का नाही?"

"वाढत नाहीच! तेच तर सांगतोय. आठवडाभर तेवढ्यासाठी डोकं फोडलं."

"पण आईची कोंबडी वाढते ना, बाबा. तुम्हाला माहीत नाही?"

मापसाहेबांना माहीत नव्हतं.

"पहिल्या दिवशी ती अगदी छोटी काढते," लेक सांगू लागली. "मग मूल तपासायला आलं की त्याच कोंबडीवर जरा मोठी गिरवते. मुलांना वाटतं, कोंबडी वाढतेय म्हणजे आपलं हाड जुळतंय. प्लॅस्टर उतरायच्या दिवशी ती पार कोपरापर्यंत पोचलेली असते. मी लहान असताना माझा हात मोडला होता, तेव्हा तुम्ही रोज पट्टीने मोजायचात की! आणि आईला म्हणालात, कालच्यापेक्षा मोठी झालीय, माप सांभाळ."

"मग ती काय म्हणाली?"

"काही नाही. दुसऱ्या दिवशी आणखी मोठी काढली."

मापसाहेबांनी फोन ठेवला. वर्षानुवर्षं ती पेनाचे डाग लागलेले हात घेऊन घरी यायची आणि ते तिला साबण पुढे करायचे. कोंबडी का मोठी झाली, हे एकदा विचारायला काय हरकत होती? त्यांना फार वाईट वाटलं. मग त्यांनी संगणक पुन्हा सुरू केला आणि पट्टी न लावता, पहिल्या फोटोवर एक शिक्का मारला, लहानसा. आणि शेवटच्या फोटोवर दुसरा.

शनिवारी बालविभागाची मोठी खोली माणसांनी भरून गेली होती. चालता येणारी मुलं जमिनीवर, न येणारी खाटांसकट भिंतीशी. भाषणं झाली. मोठ्या डॉक्टरांनी पुष्पगुच्छ दिला, तो तिने पुढे संगणकाच्या टेबलावर उभा करून ठेवला. फिल्म सुरू झाली. पहिल्या फोटोत दोन वेण्या घातलेली, घाबरलेली एक तरुण परिचारिका होती आणि तिच्या पायाशी इवलीशी कोंबडी दाणे टिपत होती.

"सिस्टरांची कोंबडी!" एक मूल ओरडलं. दुसऱ्या फोटोला ती थोडी वाढली आणि खोलीत गलका झाला. "वाढतेय! वाढतेय!" प्लॅस्टरचे हात वर झाले, प्रत्येक हातावर एकेक कोंबडी, कुठली लहान, कुठली मोठी. मापसाहेबांनी बायकोकडे चोरून पाहिलं. तिचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"म्हणजे ती नोटीस हिच्यासाठी होती?" ती पुटपुटली.

आणि तेवढ्यात फिल्म थांबली. कोंबडी अर्धवट वाढलेली, चोच वर, डोळा मिटलेला, तशीच गोठली. मग त्या खोलीत जे नेहमी व्हायचं तेच झालं. मुलं, डॉक्टर, परिचारिका, सगळ्यांच्या माना एकदम तिच्याकडे वळल्या.

ती खुर्चीतून अर्धी उठली. "थांबा, मी..."

मापसाहेबांच्या मनात आलं, एवढं सगळं करून, शेवटी तेच.

पण ती तशीच थांबली. तिने पडद्यावरच्या कोंबडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि सावकाश पुन्हा खाली बसली.

"माझ्याकडे काय बघता?" ती सगळ्यांना म्हणाली. "यांची फिल्म आहे. हे बघतील."

मापसाहेब उठले. संगणकापर्यंतची वाट त्यांना फार लांब वाटली. काय करायचं, याची त्यांना तिळमात्र कल्पना नव्हती. पण ते घाईने कुठलंही बटण दाबायला गेले नाहीत. आधी हात मागे बांधून, वाकून, नुसतं पाहिलं. मोठ्या डॉक्टरांचा पुष्पगुच्छ कलंडून थेट कीबोर्डवर पडला होता आणि एक जाडजूड गुलाब सगळ्यांत लांब बटणावर रेलून बसला होता. मापसाहेबांनी गुच्छ अलगद उचलला आणि ते बटण एकदा दाबलं. कोंबडीने डोळा उघडला, मान खाली घातली आणि दाणा टिपला.

खोलीत एकच जल्लोष झाला. टाळ्या कोंबडीला होत्या की त्यांना, याची पडताळणी त्यांनी केली नाही. ते जागेवर येऊन बसेपर्यंत शेवटचा फोटो आला होता आणि कोंबडी वाढत वाढत डॉक्टरांवर, विभागावर, सगळ्या पडद्यावर पसरली होती. मुलं हसून हसून आडवी होत होती. बायकोने रुमालाने डोळे टिपले, जरा त्यांच्याकडे झुकली आणि त्यांना एकट्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कालच्यापेक्षा मोठी झालीय. माप सांभाळा."

"वाढू दे," मापसाहेब म्हणाले आणि पुष्पगुच्छ तिच्या मांडीवर ठेवला.